काल चालत होते, हा पुरावा आहे

सॉफ्टवेअरच्या कामात नवखा असलेला कोणी वरिष्ठाकडे जाऊन सांगतो, "सर, काल हेच इन्स्टॉल होत होतं, आज एरर येतेय. मी काहीच बदललेलं नाही." त्याला मिळणारे उत्तर बहुतेक ठिकाणी ठरलेले असते. काहीतरी बदलले असणारच, नीट आठव. एन्व्हायर्नमेंट उडवून नव्याने बनव. सगळी पॅकेजेस लेटेस्ट कर. तरी जमत नसेल तर मूळ गोष्टी आधी शिकून ये. या उत्तराच्या मुळाशी दोन समजुती आहेत. इन्स्टॉलेशन मोडते ते वापरणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे, ही एक. आणि सगळे ताजे ठेवले की काही मोडत नाही, ही दुसरी. दोन्ही चुकीच्या आहेत. नवख्या माणसाशी गोड बोलावे एवढ्यापुरता हा मुद्दा नाही. 'काल चालत होते' हे वाक्य सबब म्हणून झिडकारले जाते, पण निदानाच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची माहिती असते, आणि आपण ती रोज फेकून देतो.

पायथॉनमध्ये 'पिप इन्स्टॉल फ्लास्क' असा आदेश दिला की पिप पायपीआय या सार्वजनिक भांडाराकडे जातो. तिथे त्या क्षणी जे सर्वांत नवे जुळणारे व्हर्जन असेल ते घेतो. मग फ्लास्कला कोणती पॅकेजेस लागतात ते पाहतो, त्यांचीही सर्वांत नवी व्हर्जन्स घेतो, आणि त्यांना जे लागते तिथपर्यंत असाच खाली उतरत जातो. म्हणजे आदेशातले एक अक्षरही न बदलता सोमवारी आणि गुरुवारी तुमच्या संगणकावर दोन वेगळे प्रोग्राम येऊ शकतात. 'मी काहीच बदललेलं नाही' हे विधान तेव्हा शब्दशः खरे असते. बदल झालेला असतो, पण तो त्याच्या संगणकाच्या बाहेर. तारखेप्रमाणे अर्थ बदलणारा आदेश चालवणाऱ्याकडे त्या बदलाचा जाब मागणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय त्यामुळे शोधच भलत्या ठिकाणी सुरू होतो. दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला.

फेब्रुवारी २०२२ मधले प्रकरण घ्या. मार्कअपसेफ नावाचे एक छोटे पॅकेज आहे. वेबपानावर जाणाऱ्या मजकुरातली धोक्याची चिन्हे निष्प्रभ करणे एवढेच त्याचे काम. ते मुद्दाम इन्स्टॉल करणारे फार थोडे. जिंजा २ ला ते लागते आणि फ्लास्कला जिंजा २ लागते, म्हणून ते येते. त्या महिन्यात मार्कअपसेफचे २.१.० व्हर्जन आले आणि त्यातून 'सॉफ्ट_युनिकोड' हे एक जुने फंक्शन काढून टाकण्यात आले. जिंजाची २.११ पर्यंतची व्हर्जन्स हे फंक्शन वापरत होती, आणि त्यांनी मार्कअपसेफसाठी फक्त खालची मर्यादा घातली होती, वरची नाही. परिणाम असा झाला की फ्लास्कचे व्हर्जन नेमके लिहिलेले, जिंजाचेही नेमके लिहिलेले, आणि तरीही नव्याने केलेले इन्स्टॉलेशन पहिल्याच इम्पोर्टला कोसळले. डेटावर काम करणाऱ्यांचे डीबीटी हे साधन त्याच कारणाने पडले. ज्यांनी दोन पॅकेजेसची काळजी घेतली होती, ते तिसऱ्याने मारले गेले, आणि त्या तिसऱ्याचे नावही त्यांतल्या अनेकांनी तोवर ऐकलेले नव्हते.

लगेच पुढच्या महिन्यात जिंजा ३.१ आले. त्यातून 'एस्केप' आणि 'मार्कअप' ही दोन नावे गेली, आणि फ्लास्क १.१ वर चालणारे जे प्रकल्प फेब्रुवारीतून वाचले होते त्यांच्यातले बरेच मार्चमध्ये अडकले. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस वर्कझॉइग ३.० आले, त्यातून 'यूआरएल_कोट' गेले आणि फ्लास्क २.२ मोडले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की फ्लास्क, जिंजा, वर्कझॉइग आणि मार्कअपसेफ ही चारही पॅकेजेस पॅलेट्स नावाच्या एकाच गटाची आहेत. एकाच घरातल्या चौघांत जुळवणी टिकत नसेल, तर वेगवेगळ्या देशांत बसून, एकमेकांना न ओळखता, फावल्या वेळात लिहिणाऱ्यांच्या पॅकेजेसमध्ये ती आपोआप टिकेल असे कोणत्या आधारावर मानायचे?

पॅलेट्सच्या लोकांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांची बाजू भक्कम आहे. ती फंक्शने काढण्याआधी ती जाणार असल्याचे इशारे आधीच्या व्हर्जन्समध्ये दिलेले होते. जुन्या फ्लास्कचा सांभाळ थांबला होता. विनामूल्य दिलेल्या कामाचा जन्मभर सांभाळ करण्याचे बंधन त्यांच्यावर कोणी घालू शकत नाही. आणि त्यांनी वापरणाऱ्यांना दिलेला सल्ला नेमका होता: तुमच्या ॲप्लिकेशनमध्ये वरच्या दोन-चार पॅकेजेसची व्हर्जन्स लिहून थांबू नका, खालपर्यंतचे डिपेंडन्सींचे संपूर्ण झाड लिहून ठेवा. माझा राग त्या सल्ल्यावर नाही. तो सल्ला ज्यांच्यापर्यंत पोहोचायला हवा होता त्यांच्यापर्यंत 'लेटेस्ट कर' हा उलटा सल्ला पोहोचवणाऱ्यांवर आहे.

इथे प्रतिपक्षाचे एक उत्तर हमखास येते: मग चूक वापरणाऱ्याचीच ना? त्याने सगळे पिन करायला, म्हणजे प्रत्येकाचे नेमके व्हर्जन लिहून ठेवायला, हवे होते. हे उत्तर ऐकायला चोख वाटते. पण जुलै २०२३ मध्ये काय झाले ते पाहा. यॅमल फाइल वाचणारे पाय-यॅमल हे पॅकेज अगणित प्रकल्पांत आहे. पुष्कळांनी ते ५.४.१ या नेमक्या व्हर्जनला पिन केलेले होते. १७ जुलैला सायथॉन ३.० प्रसिद्ध झाले, आणि त्या पिन केलेल्या पाय-यॅमलचे इन्स्टॉलेशन बंद पडले. पाय-यॅमल बदलले नव्हते. प्रकल्पाच्या यादीत सायथॉनचे नावच नव्हते. मग झाले काय? पायथॉनच्या नव्या व्हर्जन्ससाठी पाय-यॅमल ५.४.१ ची तयार बांधणी, म्हणजे व्हील, उपलब्ध नव्हती, म्हणून पिप ते मूळ कोडमधून तिथल्या तिथे बांधत होता. बांधणीसाठी तो एक तात्पुरते, वेगळे एन्व्हायर्नमेंट उभे करतो, आणि त्यात काय लागते ते पॅकेजच्या स्वतःच्या फाइलमध्ये लिहिलेले असते. तिथे 'सायथॉन' एवढेच लिहिले होते, व्हर्जनशिवाय. तुमच्या रिक्वायरमेंट्स फाइलमधल्या पिन त्या तात्पुरत्या खोलीत पोहोचतच नाहीत. 'सायथॉन_सोर्सेस' असे काहीतरी म्हणणारी, पाय-यॅमलचा संदर्भही धड न देणारी एरर पडद्यावर यायची, आणि ज्याने शिस्तीने सगळे पिन केले होते तोही तिच्याकडे पाहत राहायचा. पाय-यॅमलच्या सांभाळकर्त्यांनी दुसऱ्याच दिवशी ६.०.१ काढून बांधणीतल्या सायथॉनला ३ च्या खाली रोखले. पण ज्यांना ५.४.१ च हवे होते त्यांना स्वतःच वाट काढावी लागली. पर्यावरण-चलातून, म्हणजे 'पिप_कन्स्ट्रेंट'मधून, सायथॉनवर मर्यादा घातली की ती बांधणीच्या खोलीतही लागू होते, हे त्या आठवड्यात कित्येकांना पहिल्यांदा कळले. ज्याने नियम पाळला होता त्यालाही नियमाच्या पलीकडून फटका बसला. तरीही 'तुझीच चूक' म्हणायचे असेल तर चूक या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

आता त्या लोकप्रिय इलाजाकडे वळू: सगळे उडव आणि पुन्हा इन्स्टॉल कर. व्हर्जन बदलल्यामुळे आलेल्या एररवर हा इलाज चालण्याचे काही कारणच नाही. एरर ज्या नव्या व्हर्जनमुळे आली, पुन्हा इन्स्टॉल केल्यावर तेच नवे व्हर्जन पुन्हा येणार. उलट या इलाजाने भरून न येणारे नुकसान होते. कुठल्या तरी जुन्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, ज्यात काल काम चालले होते, चालणाऱ्या व्हर्जन्सची संपूर्ण यादी जिवंत असते. 'पिप फ्रीझ' म्हटले की ती मिळते. वरिष्ठाने पहिलाच हुकूम 'उडव' असा दिला की ती यादी गेली. हाताखालच्या माणसाकडून त्याच्याच हाताने पुरावा नष्ट करवून घ्यायचा आणि मग त्याला एरर वाचता येत नाही म्हणायचे, हे रोज घडते.

निदान असे करायचे असते. एररच्या शेवटच्या ओळी आधी वाचायच्या. मार्कअपसेफच्या प्रकरणात शेवटची ओळ सांगत होती की मार्कअपसेफमधून 'सॉफ्ट_युनिकोड' हे नाव घेता आले नाही, आणि तिच्या वरच्या ओळीतला फाइलचा पत्ता जिंजाच्या फोल्डरमधला होता. म्हणजे मागणारा जिंजा, देऊ न शकणारा मार्कअपसेफ. आपल्या स्वतःच्या कोडचे नाव त्या दोन ओळींत कुठेही नाही. इथेच निम्मे काम संपते. मग देऊ न शकणाऱ्याच्या पायपीआयवरील पानावर जायचे. तिथे प्रत्येक व्हर्जनसमोर त्याची तारीख असते. काम शेवटचे कधी चालले आणि पहिल्यांदा कधी मोडले या दोन तारखांच्या मध्ये त्या पॅकेजचे एखादे व्हर्जन पडत असेल, तर संशयित हाती लागला. त्याच्या आधीचे व्हर्जन बसवायचे. चालले, तर तो पिन फाइलमध्ये लिहायचा आणि शेजारी कारणही लिहायचे, म्हणजे वर्षाने दुसऱ्या कोणाला तो काढायचा की ठेवायचा हे ठरवता येईल. चालले नाही, तर बांधणीच्या वेळची डिपेंडन्सी तपासायची, आणि त्यानंतर पायथॉनचे स्वतःचे व्हर्जन. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या पायथॉन ३.१२ मधून 'डिस्टयूटिल्स' हे मूळ मॉड्यूलच गेले, आणि जुन्या पद्धतीने बांधली जाणारी कितीतरी पॅकेजेस फक्त त्यामुळे अडली.

चालणारे एन्व्हायर्नमेंट कुठेच उरले नसेल तरीही तारीख हातात असते. यूव्ही या नव्या साधनाला 'एक्सक्लूड-न्यूअर' असा पर्याय देऊन एक तारीख सांगितली, की त्या तारखेनंतरची सगळी व्हर्जन्स अस्तित्वातच नाहीत असे धरून ते झाड जुळवते. जावास्क्रिप्टच्या एनपीएममध्ये 'बिफोर' हा पर्याय तेच करतो. म्हणजे "गेल्या मंगळवारी चालत होतं" हे वाक्य आज थेट साधनाला देता येते आणि त्यातून चालणारे इन्स्टॉलेशन परत मिळवता येते. याहून मोठा पुरावा कोणता हवा? ज्या वरिष्ठाने तारीख विचारली नाही, त्याने निदान केलेच नाही.

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट वापरले असते तर ही वेळ आली नसती, असेही सांगितले जाते. मीही ते वापरायलाच सांगेन, पण ते या आजारावरचे औषध नव्हे. त्याने एका प्रकल्पाची पॅकेजेस दुसऱ्याच्या पॅकेजेसपासून वेगळी राहतात. आजची पॅकेजेस कालच्यांपासून वेगळी ठेवणे हे त्याचे काम नाही. नवे एन्व्हायर्नमेंट रिकामे असते, म्हणून ते सगळे ताजे ओढते, आणि म्हणून बहुतेक वेळा मोडतोड आधी त्यातच दिसते; जुने एन्व्हायर्नमेंट शेजारी निवांत चालत असते. डॉकरचेही तसेच. तयार झालेली इमेज गोठलेली असते हे खरे, पण ती ज्या फाइलमधून तयार होते त्या फाइलमध्ये व्हर्जन्स नसतील तर सहा महिन्यांनी तीच फाइल वेगळी इमेज देते, किंवा काहीच देत नाही.

आणि जबरदस्तीचे ते पर्याय. २०२० च्या नोव्हेंबरात पिप २०.३ आला. त्यापूर्वीचा पिप एकमेकांशी न जुळणारी व्हर्जन्सही बसवून मोकळा व्हायचा. नवा पिप झाड जुळत नसेल तर थांबून तसे सांगू लागला. त्याच्या महिनाभर आधी आलेल्या एनपीएम ७ नेही अशाच बाबतीत अडून बसायला सुरुवात केली. दोन्ही ठिकाणी लोकांनी काय केले? 'फोर्स', 'लेगसी-पीअर-डेप्स', जुना रिझॉल्व्हर परत आणणारा पर्याय हे सगळे एकमेकांना वाटले, आणि आजही वाटत आहेत. डेबियन १२ ने जून २०२३ पासून सिस्टिमच्या पायथॉनमध्ये पिपने थेट लुडबुड करणे अडवले, तर तिथेही ती अडवणूक ओलांडण्याचा पर्याय पहिल्या उत्तरात सांगितला जातो. या पर्यायांनी एरर जात नाही, ती पुढे ढकलली जाते. इन्स्टॉल करताना दोन ओळींत कळले असते ते आता चालू प्रोग्रामच्या मधोमध, गिऱ्हाईक समोर असताना कळते. अडणारे साधन तुमच्या बाजूचे आहे. त्याने झाड जुळत नसल्याचे सांगितले की झाड दुरुस्त करायचे, त्याचे तोंड बंद करायचे नाही.

माझ्या बाजूविरुद्धचा सर्वांत वजनदार युक्तिवाद सुरक्षेचा आहे आणि तो मी टाळणार नाही. व्हर्जन्स गोठवून ठेवली की त्यातली भगदाडेही गोठून राहतात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लायब्ररीतले भगदाड उघड झाले तेव्हा जगभर रात्रीचा दिवस करावा लागला. जुनी व्हर्जन्स घेऊन बसलेल्यांना धोका होता. हे सगळे खरे आहे. पण त्या दिवसांत पहिला प्रश्न कोणता होता ते आठवा. 'आपल्याकडे लॉगफोरजे कुठे आहे आणि त्याचे व्हर्जन कोणते?' ज्यांच्याकडे खालपर्यंतच्या झाडाची नेमकी नोंद होती त्यांना हे शोधायला एक आदेश पुरला. नोंद नसलेल्यांना एकेक सर्व्हर धुंडाळावा लागला. दुरुस्तीसाठी २.१५ आले, ते पुरेसे ठरेना म्हणून २.१६, मग २.१७. अशा वेळी कोणाकडे नेमके काय चालते आहे हे माहीत असणे हीच सुरक्षा असते, आणि ती लॉक फाइलमधून, म्हणजे त्या नेमक्या नोंदीतून, येते. गोठवणे आणि विसरून जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी मागतो ते एवढेच, की अपडेट करणे हे इन्स्टॉल करण्यापासून वेगळे काम असावे. ते कोणीतरी ठरवून, ठरलेल्या दिवशी, चाचण्या चालवून करावे. एखाद्या नव्या मुलीने पहिल्या दिवशी संगणकावर प्रकल्प उतरवला म्हणून संपूर्ण झाडाचे अपडेट तिच्या हातून, तिच्या नकळत होऊ नये.

शिवाय 'ताजे म्हणजे सुरक्षित' हे समीकरण गेल्या काही वर्षांत वारंवार खोटे ठरले आहे. एक्सझेड या लिनक्समधल्या कॉम्प्रेशनच्या साधनात ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जन्समध्ये चोरदरवाजा बसवण्यात आला होता. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने २९ मार्च २०२४ रोजी तो जगासमोर आणला. तोवर ती व्हर्जन्स ताजेपणामागे धावणाऱ्या वितरणांत पोहोचली होती. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ५.४ होते आणि ती सुटली. ८ सप्टेंबर २०२५ ला एनपीएमवरची चॉक आणि डीबग ही अतोनात वापरली जाणारी पॅकेजेस सांभाळकर्त्याच्या खात्यावर ताबा मिळवून बाधित करण्यात आली. बाधित व्हर्जन्स काही तासच उपलब्ध होती. त्या काही तासांत ज्यांनी लॉक फाइलशिवाय ताजे इन्स्टॉल केले त्यांच्याकडे ती गेली, लॉक फाइलवरून इन्स्टॉल करणाऱ्यांकडे गेली नाहीत. जे भगदाड माहीत आहे त्यासाठी अपडेट करावेच लागते. पण अपडेट हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असला पाहिजे, आदेशाचा आपोआप होणारा परिणाम नव्हे.

मग सिमँटिक व्हर्जनिंगचे काय, असे विचारले जाते. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेली ती पद्धत चांगली आहे: पहिला आकडा वाढला तर जुने मोडू शकते, दुसरा वाढला तर नवी भर पडली, तिसरा वाढला तर फक्त दुरुस्ती. पण ही लेखकाने दिलेली सदिच्छा आहे, यंत्राने तपासलेली हमी नाही. जुने मोडणार की नाही हे लेखकाला प्रामाणिकपणे कळतेच असे नाही, कारण त्याच्या लायब्ररीतल्या कोणत्या कोपऱ्यावर कोण विसंबून आहे याची त्याला कल्पना नसते. जुलै २०२४ मध्ये रस्ट भाषेचे १.८० व्हर्जन आले. मधला आकडा वाढलेला, म्हणजे जुने चालायला हवे. मूळ लायब्ररीत एक नवी सोय आली, आणि तिच्यामुळे 'टाइम' या लोकप्रिय पॅकेजच्या जुन्या व्हर्जन्समधल्या एका ओळीत प्रकार कोणता धरायचा याबद्दल कंपायलरचा गोंधळ उडाला. रस्टच्या नियमांप्रमाणे असा बदल करायला परवानगी आहे. तरी अनेक प्रकल्प बांधले जाईनासे झाले. यातली आणखी एक बाब माझ्या बाजूच्यांनी लक्षात ठेवली पाहिजे: लॉक फाइल असलेले प्रकल्पही मोडले, कारण त्यांनी पॅकेजेस गोठवली होती, कंपायलर नव्हता. नोंद करायची तर भाषेच्या किंवा कंपायलरच्या व्हर्जनपासून करायला हवी. अर्धी नोंद अर्धेच वाचवते.

'हे असेच चालायचे, सॉफ्टवेअरचा स्वभावच तो' या युक्तिवादाला तर मी मुळीच जागा देणार नाही. गो भाषेने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवून दाखवला आहे. रस कॉक्स यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गो १.११ बरोबर आलेल्या मॉड्यूल्सच्या रचनेत साधन सर्वांत नवे व्हर्जन शोधतच नाही. झाडातल्या प्रत्येकाने निदान कोणते व्हर्जन हवे म्हटले आहे ते पाहते आणि त्या मागण्यांतले सर्वांत वरचे घेते. त्यापलीकडचे काही नाही. एखाद्या लायब्ररीने आज नवे व्हर्जन काढले म्हणून तुमची बांधणी बदलत नाही. तुम्ही मागाल तेव्हाच बदलते. आणि मोडणारा बदल करायचा असेल तर त्या मॉड्यूलचे नावच बदलावे लागते, म्हणजे जुने आणि नवे शेजारी शेजारी नांदू शकतात. म्हणजे पिप किंवा एनपीएमचा 'सर्वांत ताजे' हा डीफॉल्ट माणसांनी केलेली निवड आहे, आणि माणसांनी केलेल्या निवडीवर टीका करता येते व ती बदलताही येते. एनपीएमने २०१७ पासून लॉक फाइल आपोआप बनवायला सुरुवात केली. पायथॉनच्या जगात लॉक फाइलचा एक सामाईक नमुना मान्य व्हायला मार्च २०२५ उजाडावा लागला. इतका उशीर का झाला याचे तांत्रिक स्पष्टीकरण आहे, पण त्या उशिराचा भार शिकणाऱ्यांनी उचलला, हेही खरे आहे.

एक आक्षेप योग्य आहे. प्रत्येकानेच नेमकी व्हर्जन्स पिन केली तर दोन लायब्रऱ्या एकत्र बसणारच नाहीत. लायब्ररी लिहिणाऱ्याने म्हणूनच मर्यादा सैल ठेवाव्यात. वरची मर्यादा घालावी की नाही यावर जाणत्यांतही खरा मतभेद आहे, आणि मला दोन्हींकडचे मुद्दे पटतात. ॲप्लिकेशनची गोष्ट निराळी. ते कोणाच्या झाडाची फांदी नसते, ते स्वतःच शेवट असते. त्याने सगळे गोठवावे. आणि माझ्या मते शिकवण्यासाठी लिहिलेली प्रत्येक सूचना, मग ती पाठ्यपुस्तकातली असो, प्रयोगपुस्तिकेतली असो की व्हिडिओखाली दिलेली, हीसुद्धा ॲप्लिकेशनच मानली पाहिजे. तिच्या शेवटी एक ठरावीक परिणाम दिसणे अपेक्षित असते आणि तो पाहणाऱ्याला अजून चूक कोणाची हे ओळखता येत नसते.

आपल्याकडच्या महाविद्यालयांत मला हेच सर्वांत जास्त खुपते. नमपायमधले 'एनपी डॉट इंट' हे नाव १.२० मध्ये, २०२१ च्या जानेवारीत, बाद होणार असे जाहीर झाले आणि डिसेंबर २०२२ च्या १.२४ मध्ये काढले गेले. त्यानंतरही ते नाव असलेला कोड प्रयोगपुस्तिकांमध्ये मी पाहिला आहे, शेजारी नमपायच्या व्हर्जनचा उल्लेखही नाही. १६ जून २०२४ रोजी, आपल्याकडे नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या सुमारास, नमपाय २.० आले. नमपाय १ शी जुळवून बांधलेली पॅकेजेस त्याच्यावर चालत नव्हती. पांडाजने २.२.२ मध्ये, म्हणजे दोन महिने आधीच, जुळवून घेतले होते, पण ज्या जुन्या पांडाजने वरची मर्यादा घातली नव्हती ते 'डीटाइपचा आकार बदलला, ९६ अपेक्षित होते, ८८ मिळाले' असे म्हणून थांबू लागले. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने त्या ९६ आणि ८८ मधून काय समजावे? तो समजतो ते एवढेच, की आपल्याला हे जमत नाही. त्या मुलाला प्रोग्रामिंग जमत होते. त्याला दिलेली सूचना कालबाह्य झाली होती आणि ती देणाऱ्याने तिच्यावर तारीख घातली नव्हती.

यावरचा उपाय महाग नाही. प्रयोगशाळेतल्या एका संगणकावर सगळे प्रयोग चालवून पाहायचे. चालले की त्या दिवसाचे पायथॉनचे व्हर्जन आणि 'पिप फ्रीझ'ची यादी पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापायची, तारखेसह. 'पिप डाउनलोड' वापरून त्या यादीतली सगळी व्हील्स एका फोल्डरमध्ये साठवायची आणि तो फोल्डर कॉलेजच्या सर्व्हरवर किंवा पेन ड्राइव्हवर ठेवायचा. मग 'नो-इंडेक्स' आणि 'फाइंड-लिंक्स' हे दोन पर्याय देऊन इंटरनेटशिवायही पूर्ण वर्गाला तेच इन्स्टॉलेशन देता येते. एकाच वायफायवर सगळा वर्ग एकाच वेळी पांडाज उतरवत बसलेला असताना तास कसा वाया जातो हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. वर्षातून एकदा, सुट्टीत, यादी नव्याने जुळवायची आणि पुस्तिका सुधारायची.

प्रयोगपुस्तिका लिहिणारे प्राध्यापक, क्लासमध्ये शिकवणारे, मराठीतून प्रोग्रामिंगचे व्हिडिओ बनवणारे आणि कंपन्यांमध्ये नव्या माणसाला पहिल्या दिवशी सेटअपची फाइल देणारे टीम लीड, या सर्वांना माझी मागणी एकच आहे. व्हर्जन आणि तारीख नसलेली इन्स्टॉलेशनची सूचना यापुढे देऊ नका. या सत्रात जी सूचना तुम्ही देणार आहात ती आज एका कोऱ्या संगणकावर चालवून पाहा, आणि जी व्हर्जन्स आली ती तिच्याखाली लिहा.